बिनचावीचा अध्यक्ष

“याला अध्यक्ष केला? याला? अरं, घरात याला कोन इचारत नाय. कोंबरी पन याच्या हाकेला येत नाय. नि तू याला अध्यक्ष म्हनून आत घातला?”

हे ओरडणं माझ्यावर चाललं होतं. बाई बोनकोडे गावची, वय पन्नाशीच्या पुढचं, काष्टा घट्ट मारलेला, डोक्यावर मासळीची रिकामी टोपली. ती टोपलीसुद्धा तिने खाली उतरवली नव्हती, कारण दोन्ही हात तिला हातवाऱ्यांसाठी लागत होते. तिच्या पहिल्याच वाक्याला आमच्या पोलीस ठाण्याच्या छताचा पंखा थांबला आणि क्षणभर उलटा फिरला, अशी माझी आठवण आहे. आमचे हवालदार म्हणतात, वीज गेली होती. हवालदार साताऱ्याकडचे. त्यांच्या हाती कोणतीही गोष्ट दिली की ती धुतलेल्या कपड्यासारखी आटून परत येते. म्हणून ही हकिकत त्यांना न दाखवताच लिहितो आहे.

बाईच्या समोर, बाकाच्या अगदी टोकावर, तिचा नवरा बसला होता. वाळलेल्या बोंबलासारखा माणूस, पण अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला पेन. लिहिता येत नव्हतं. अंगठा उठवायचा. पेन अध्यक्षपदाचं होतं.

दरोडे पाहिले, खून पाहिले, खाडीतून प्रेतं काढली. त्यांतलं बरंच आता पुसट झालं आहे. पण कुणी ‘एखादी केस सांगा’ म्हटलं की मला त्या शनिवारची ती दुपार दिसते. म्हणजे जुगाराची केस. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे. पोलिसात तर जुगाराच्या केसला केस म्हणतच नाहीत, महिन्याचा आकडा म्हणतात. चोरी सापडेल की नाही सांगता येत नाही, पण जुगाराची केस हवी तेव्हा मिळते. कारण ती समोरचाच आणून देतो.

ही पद्धत वाचकांना सांगायला हवी. त्या काळी बहुतेक अड्ड्यांचा एक ठरलेला आरोपी असे. मालक कधीच सापडत नसे. महिनाअखेर जवळ आली की मालकाकडून एक माणूस आपल्या पायाने यायचा, पत्त्यांचा एक जोड बरोबर आणायचा, बाकावर बसायचा, अटक व्हायचा. दुसऱ्या दिवशी कोर्टात ‘गुन्हा कबूल’ म्हणायचा, दंड मालक भरायचा, आणि संध्याकाळी तोच माणूस मला रस्त्यात नमस्कार करायचा. अशा केसेस मीही केल्या आहेत. मी काही सोवळं नेसून नोकरी केली नाही. एक बदली आरोपी तर इतका नेमाने यायचा की एका महिन्यात आला नाही, तेव्हा आम्ही त्याच्या तब्येतीची चौकशी करायला माणूस पाठवला.

ती पद्धत मी मोडली ती याच केसमध्ये.

नव्वदच्या दशकाचा मध्य. नवी मुंबईचं पोलीस आयुक्तालय नुकतं झालेलं, पाट्यांचा रंग अजून हाताला लागत होता. मी उपनिरीक्षक होतो, लोकांच्या भाषेत फौजदार. एका सकाळी नेरूळच्या एका सोसायटीतली बाई ठाण्यात आली. नवरा बेलापूरला एका खासगी कार्यालयात कारकून. हातात नवऱ्याचा जेवणाचा डबा. तो तिने माझ्या टेबलावर ठेवला आणि उघडला. पोळ्या तशाच, भाजी तशीच.

“चार शनिवार हा भरलेलाच परत येतोय,” ती म्हणाली. “शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असतं. तिथून ते क्लबात जातात, स्टेशनजवळ. रमी खेळतो म्हणतात.”

“रमीला बंदी नाही, बाई.”

“माहीत आहे मला. रमी मी माहेरी खेळलेय, साहेब, वडिलांबरोबर, दिवाळीत. रमीनं माणूस एका दुपारीत एवढा म्हातारा होत नाही.”

इतकंच बोलली आणि डबा बंद करून गेली. रडली नाही, अर्ज दिला नाही. माझ्या नोकरीत खबऱ्यांनी मला पुष्कळ माहिती पुरवली, पण असं एका वाक्यात कुणी सांगितलं नाही.

आता कायदा. घाबरू नका, चार ओळींत सांगतो. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा गोऱ्या साहेबाच्या वेळचा आहे. त्यातलं कलम चार अड्डा चालवणाऱ्यासाठी, त्यात तुरुंग. कलम पाच तिथे खेळताना सापडणाऱ्यांसाठी, ते बहुधा दंडावर सुटतात. कलम सहाचं विशेष वॉरंट घेऊन छापा टाकला आणि पत्ते-फासे सापडले, तर कलम सात पोलिसाच्या पाठीशी उभं राहतं: उलट सिद्ध होईपर्यंत ती जागा अड्डाच समजायची. आणि या सगळ्याला वळसा घालून जायला कलम तेराची वाट ठेवली आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. रमी कौशल्याची. तीन पत्ती नशिबाची. त्यामुळे नव्या मुंबईत त्या वर्षांत जिकडे तिकडे रमीच खेळली जात होती. निदान आम्ही दार ढकलायचो तेव्हा तरी.

मी वरिष्ठांकडून सहाचं वॉरंट घेतलं. पंच म्हणून एक इस्त्रीवाला आणि एक झेरॉक्सवाला बरोबर घेतले आणि शनिवारी दुपारी तीन वाजता निघालो. क्लब एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची, खुर्चीत पांढरा शर्ट आणि पेन. आम्हाला पाहून म्हातारा उठला, अदबीने हसला आणि भिंतीवरचं एक बटण दाबलं.

मी तीन-तीन पायऱ्या एका उडीत घेत वर गेलो. (हवालदार म्हणतील, दोन.) आत पाहतो तर काय, दहावीच्या परीक्षेचा हॉल. सात टेबलं, प्रत्येकाच्या हातात तेरा पानं, कुणाच्या तोंडातून शब्द नाही. एक जण तर पानं लावताना इतका विचारात पडला होता की त्याने हातातली पानं उलटी धरली आहेत हे त्याच्या लक्षात नव्हतं.

भिंतीवर काचेच्या चौकटीत मंडळाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र. शेजारी ‘रमी हा कौशल्याचा खेळ आहे’ असं टंकलिखित पान. आणि एक मोठा सुबक फलक: ‘ऐपतीत खेळा. घरच्यांचा विचार करा. हरल्यास थांबा.’ अक्षर इतकं सुंदर की शाळेत लावावा. मी सगळ्या टेबलांशी एकेकदा उभा राहून पाहिलं. एकाही खुर्चीवरून तो फलक दिसत नव्हता. तो दिसायचा फक्त दारातून. म्हणजे खेळणाऱ्यांसाठी नव्हताच तो, आमच्यासाठी होता.

खोलीच्या कोपऱ्यात एक गृहस्थ चहा पीत बसले होते. सफारी, सोन्याचं घड्याळ. त्यांना आपण शेट म्हणू. अख्खं नेरूळ त्यांना क्लबचा मालक म्हणून ओळखत होतं.

“या साहेब, या,” शेट म्हणाले. “टेन्शन कशाला घेता? स्किलचा गेम आहे. कोर्टानं सांगितलंय.”

“क्लब तुमचा?”

“छे हो. मी गेस्ट. चहा चांगला असतो इथला. अध्यक्ष खाली बसलेत ना, त्यांना विचारा. नोंदणीच्या कागदावर त्यांचंच नाव आहे.”

प्रमाणपत्राखालच्या कागदावर खरंच एक नाव होतं आणि त्यापुढे जांभळा अंगठा. जिन्याखालच्या म्हाताऱ्याचा.

टेबलांवर पैसा नव्हता, लाल-निळी प्लास्टिकची टोकनं होती. शेटच्या म्हणण्याप्रमाणे ती चहाची कूपनं. एका माणसासमोर साठ होती. साठ चहा प्यायलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, पण त्या दुपारी पाहिला असं कागदावर लिहायची वेळ माझ्यावर आली होती.

सगळ्यांना ठाण्यात आणलं. जिन्यावर बघ्यांची इतकी गर्दी झाली की मोजणीचं काम ठाण्यातच, त्याच दोन पंचांसमोर करायचं ठरवलं. जप्त केलेले पत्ते मोठ्या टेबलावर पसरले. चौदा जोड. हवालदार एकेक जोड मोजून लिहीत होते. आणि मला दिसत होतं की पुढे काय होणार. शेट ‘पाहुणा’ म्हणून कलम पाचात, दंड भरून घरी. आणि कलम चार, म्हणजे तुरुंग, त्या पेनवाल्या म्हाताऱ्याला. शिवाय हा काही महिनाअखेरीचा नेहमीचा दंडवाला नव्हता. वॉरंटची केस होती, मोठी जागा होती, यात माणूस आत जाणार होता. शेटचा वकील एका तासात हजर झाला आणि म्हाताऱ्याच्या कानाशी लागला. ‘गुन्हा कबूल करा, बाकी आम्ही पाहतो.’ म्हातारा मान हलवत होता.

मी त्याला समोर घेतलं.

“अध्यक्ष, क्लबात काय खेळतात?”

“रमी,” तो म्हणाला. अगदी घोकल्यासारखं.

“रमीत किती पानं वाटतात?”

म्हाताऱ्याने वकिलाकडे पाहिलं. वकिलाने छताकडे.

“मना ठावं नाय, सायेब. मी वर जात नाय. खाली बसतो. चा-पान्याचा बघतो.”

“आम्ही आल्यावर बटण कसलं दाबलंत?”

“ती घंटा. पोलीस आले की दाबायची. म्हंजे वर तुमच्यासाठी चा टाकतात.”

तो खरं बोलत होता. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मला एवढी मोठी थाप इतक्या भाबडेपणाने कुणी सांगितली नाही, कारण ही थाप त्याला सांगितली गेली होती आणि त्याने ती सोन्यासारखी जपली होती. दोन वर्षं हा माणूस पोलिसांच्या चहाची काळजी वाहत त्या जिन्याखाली बसला होता.

“तुम्हाला अध्यक्ष कुणी केलं?”

तिथे तो गप्प झाला. पुन्हा विचारलं. आवाज चढवला. माझा आवाज चढला की बेलापूरच्या खाडीतले बगळे उठतात, पण म्हातारा हलला नाही. शेवटी म्हणाला, “सायेब, मी मिठागरावर जलमलो. मिठागरा गेली, शहर आला, मना कोन काम देत नव्हता. त्यानी खुर्ची दिली. येता-जाता मानसा नमस्कार करतात. मी त्याचा मीठ खाल्ला. मिठाला जागनार. मी अध्यक्ष हाय, मना घाला आत.”

असं म्हणून त्याने दोन्ही हात पुढे केले. बेड्या घालायला मला आजवर कुणी इतक्या मानाने बोलावलं नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी त्याची बायको आली. नेरूळच्या बाजारात तिचा मासळीचा धंदा. कुणीतरी तिथे जाऊन सांगितलं होतं. तिथून पुढचं पहिल्या परिच्छेदात आलंच आहे. पंखा, वीज, कोंबडी.

“मावशी, शांत व्हा,” मी म्हणालो.

“तू शांत हो,” ती म्हणाली. तिच्या बोलीत आदराचं ‘तुम्ही’ औषधालाही नव्हतं. देवालाही तू, फौजदारालाही तू. “याला सोर.”

“हेच म्हणतात मी अध्यक्ष. मिठाला जागायचंय म्हणतात.”

ती नवऱ्याकडे वळली. आता मात्र तिने टोपली उतरवली. आवाजही उतरवला, आणि तो उतरलेला आवाज पहिल्यापेक्षा वाईट होता.

“मीठ तू कारलास. उन्हात तू करपलास, पाय तुझे फुटले. खाल्ला त्यानी. जागायचा आसल तर त्यानी जागावा.”

म्हातारा खाली बघत राहिला. वकिलाने घड्याळ पाहिलं. मग बाई हात झाडत आमच्या टेबलाजवळ आली, बहुधा आणखी भांडायला, आणि पसरलेल्या पत्त्यांकडे बघून थांबली. मासळी बाजारात विकणारी शेजारणीच्या टोपलीकडे बघते तसं तिने बघितलं.

“हे कोन भरला?” तिने विचारलं.

“काय?”

“शिल्या मालात ताजा मिसळलाय.”

हवालदारांनी लिहायचं थांबवलं. मी म्हणालो, “मावशी, हे पत्ते आहेत.”

“मना दिसतंय पत्ते हायेत. मी आंधली नाय.” तिने हात लावला नाही, बोटाने नुसतं दाखवलं. “हा शिला, हा शिला, हा शिला. हा ताजा. त्या ढिगात पन दोन ताजे. त्याच्यात पन दोन. गिऱ्हाईकाला असा माल दाखवला तं तोंडावर मारंल.”

मी वाकून पाहिलं. प्रत्येक जोडातली बावन्न पानं हातांच्या घामाने, चहाने, तंबाखूने काळवंडलेली, कडा कुजलेल्या. आणि प्रत्येक जोडात दोनच पानं चकचकीत, कोरी, जणू आज सकाळी पुडक्यातून काढलेली. चौदाही जोडांत तीच दोन पानं. जोकर.

ज्यांना पत्त्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. रमीत जोकर हे सगळ्यांत लाडकं पान. तो ज्याला येतो तो त्याला सोडत नाही. रमीच्या जोडातला जोकर सगळ्यांत आधी मळायला हवा. तीन पत्तीत जोकराचं काम नाही. जोड फोडला की जोकर काढून पेटीत टाकतात. म्हणजे हे चौदा जोड महिनोन्‌महिने जोकराशिवाय खेळले गेले होते, आणि त्या दुपारी, घंटा वाजल्यावर, घाईघाईने सगळे जोकर परत आत घातले गेले होते. मुरलेल्या लोकांची हुशारी होती ती. पण जोकर मळवायला कुणाला वेळ मिळाला नव्हता.

शेट तिथेच खुर्चीवर होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदाच चहा अर्धा टाकला.

मी पंचांना जवळ बोलावलं. इस्त्रीवाल्याला मळका आणि कोरा यांतला फरक सांगावा लागला नाही. त्याने एकेक जोकर उजेडात धरला आणि म्हणाला, “साहेब, ह्यो घडी मोडलेलाच नाही.” मी ते त्याच्या शब्दांत पंचनाम्यात घेतलं.

खेळ तीन पत्तीचा, हे जमलं. पण अड्डा कुणाचा? कागदावर अजून म्हाताऱ्याचा अंगठाच होता. क्लबात एक पोलादी कपाट कुलूपबंद सापडलं होतं. मी म्हाताऱ्याला म्हणालो, “अध्यक्ष, क्लबातल्या कपाटाची चावी द्या.”

त्याने शेटकडे पाहिलं.

“चावी,” मी म्हणालो. “अध्यक्षाकडे चावी असणारच.”

बायको हसली. ते हसणं मला अजून ऐकू येतं. “याला? घरची चावी पन मी याला देत नाय.”

म्हाताऱ्याने खिशातलं पेन काढलं, हातात फिरवलं, परत ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, “दोन वर्सं झाली. मी त्याला बोललो होतो, अध्यक्षाकडं येक तरी चावी पायजेल. तो बोलला, उद्या. येक चावी नाय दिली त्यानी मना.”

“कुणाकडे आहे?”

“शेटकडं. गाडीच्या चाव्यांत.”

शेटची अंगझडती आधीच झाली होती, चाव्यांचा जुडगा पंचनाम्यात नोंदलेला होता. तोच जुडगा, तेच पंच, तसेच परत क्लबात. तिसरी चावी कपाटाला लागली. आत पुडक्यांतले कोरे पत्ते, टोकनांच्या थैल्या, आणि वरच्या खणात वेगळी लोखंडी पेटी, जिच्यात प्रत्येक डावातून काढलेल्या नालेची टोकनं पडत. नाल म्हणजे डाव कुणीही जिंको, अड्ड्याच्या मालकाचा वाटा. पाहुण्याकडे दुसऱ्याच्या तिजोरीची चावी कशी, हा प्रश्न मी शेटना विचारला. त्यांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने पुन्हा छताकडे.

ठाण्यात परतलो तर फोन वाजत होता. वरचे साहेब. आवाज गोड.

“केस नेहमीसारखी करा. अध्यक्ष कबूल करतोय ना? मग त्यालाच पहिला आरोपी करा. विषय संपवा.”

“साहेब, अध्यक्षाकडे चावी नाही.”

“काय?”

“चावी शेटकडे निघाली.”

“मी काय सांगतोय ते कळतंय का तुम्हाला?”

“कळलं, साहेब. स्टेशन डायरीत घेऊ का?”

वाचकहो, स्टेशन डायरी ही ठाण्यातली सगळ्यांत गरीब दिसणारी आणि सगळ्यांत खुनशी वही. पानांना क्रमांक असतात, वेळ लिहावी लागते आणि एकदा शाई पडली की ती ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. मी फोन कानाशी धरूनच हवालदारांना म्हणालो, “हवालदार, सहा वाजून दहा मिनिटं. लिहा, वरिष्ठांचा दूरध्वनी, जुगार केससंबंधी सूचना.” फोन कट झाला. हवालदारांनी मान वर न करता विचारलं, “काय सूचना लिहू, साहेब?” मी म्हणालो, “लिहा, योग्य तपास करावा अशी सूचना मिळाली.” त्यांनी लिहिलं. हवालदारांनी आयुष्यात एकदाच अतिशयोक्ती केली असेल तर ती ही.

कलम चार शेटवर लागलं. म्हाताऱ्याला साक्षीदार केलं, न्यायाधीशांसमोर त्याचा जबाब झाला. आणि तीन आठवड्यांत माझी बदली झाली, नियंत्रण कक्षात. बदलीचं कारण ‘प्रशासकीय’. रात्रंदिवस फोन उचलायचे आणि दुसऱ्यांच्या छाप्यांच्या वेळा लिहायच्या. ज्यांनी पाठवलं त्यांना वाटलं असेल, हा आता वठणीवर येईल. आलो नाही. कोर्टाच्या प्रत्येक तारखेला गणवेश कडक करून हजर राहिलो.

उलटतपासणीत वकीलसाहेबांनी माझी साल काढायला सुरुवात केली. “एवढे चौदा जोड, एवढे जोकर, हे तुमच्या चाणाक्ष नजरेला आपोआप दिसलं का?”

खरं सांगतो, माझ्या अहवालात मी ‘सूक्ष्म निरीक्षण केले असता’ असंच लिहिलं होतं. अहवालात सगळेच असं लिहितात. पण शपथ घेतली होती.

“नाही,” मी म्हणालो. “मासे विकणाऱ्या बाईंनी दाखवलं.”

“म्हणजे तपास पोलिसांनी केला की कोळणीनं?” कोर्ट हसलं.

“वकीलसाहेब, शिळ्यात ताजं मिसळलंय हे बाजारात तुम्हाला कळतं का? मला कळत नाही. ज्याला कळतं त्याचं ऐकायचं, यालाच तपास म्हणतात. आणि त्या आगरी आहेत.”

न्यायाधीशांनी चष्मा पुसला, एक जोड मागवला, जोकरावर अंगठा फिरवला, मग बदामाच्या राजावर फिरवला, आणि अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा काळा झाला होता. पुढे युक्तिवाद पुष्कळ झाले, पण माझ्या मते निकाल तिथेच लागला. शेटना शिक्षा झाली. अपील वगैरे पुढचं पुढे, पण त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या ते माझ्या आधी उतरू शकले नाहीत, कारण त्यांना मागच्या दाराने नेलं.

आता कुणी म्हणेल, एक क्लब बंद केला तर जुगार थांबला का? नाही थांबला. मी थांबवायला गेलोही नव्हतो. माणूस पत्ते खेळणारच. माझ्या घरी गौरीच्या जागरणाला आजही रमी होते आणि माझी बायको मला हरवते. पण ज्याला खरंच कुणाला सावरायचं असेल, तो ‘ऐपतीत खेळा’ ही अक्षरं खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावतो, दाराकडे तोंड करून नाही. आणि ज्याचा धंदा खरा असेल, तो कागदावर आपलं नाव घालतो, मीठ काढणाऱ्याचा अंगठा नाही. हे दोन नियम मला कुठल्या कायद्याच्या पुस्तकात सापडले नाहीत. पुढच्या सगळ्या नोकरीत, कुठल्याही जागी गेलो, कुणी कुणाकडे बोट दाखवून ‘हे प्रमुख’ म्हटलं, की मी एकच विचारत असे: चावी कुणाकडे आहे? त्यामुळे माझ्या आणखी तीन बदल्या झाल्या. एकीचंही मला वाईट वाटत नाही. ज्यांना वाटायला हवं त्यांना वाटू दे.

निकालानंतर आठवड्याने मी नेरूळच्या बाजारात गेलो, साध्या कपड्यात. बाई आपल्या जागी बसली होती, शेजारी म्हातारा. पांढरा शर्ट तोच, खिशाला पेन तेच, आणि कमरेच्या करगोट्याला बांधलेली एक पितळेची चावी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी अशी, शर्टाच्या बाहेर काढलेली. मला पाहून तो उठला, नमस्कार केला, चावीवर हात ठेवला आणि मागच्या बर्फाच्या पेटीकडे मानेने दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आयुक्तांच्या चेहऱ्यावरही पाहिलं नाही.

मी बाईजवळ वाकलो आणि हळूच म्हणालो, “मावशी, शेवटी चावी दिलीत त्यांना.”

ती निवट्या, खाडीच्या चिखलातली मासळी, साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

“दिली,” ती म्हणाली. “त्या पेटीला कुलूप नाय.”